अडवलेली खिडकी

कुलूप फोडून ऐवज लांबविणारा चोर सर्वांस ठाऊक असतो. काहीएक न चोरता केवळ खिडकी अडवून बसणारा उपद्रवी मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. संगणकाच्या जगात या उपद्रवास 'डिनायल ऑफ सर्व्हिस' म्हणतात. आम्ही त्यास सेवारोध म्हणू.

२००९ साली रॉबर्ट हॅन्सन या सुरक्षातज्ज्ञाने 'स्लोलोरिस' नावाची आज्ञावली प्रसिद्ध केली. लोरिस हा अतिमंद चालीचा प्राणी. (त्याचाच एक सडपातळ भाऊबंद आपल्या तेलुगू मुलखातील रानांत आढळतो, त्यास येथे देवांगपिल्ली म्हणतात.) टपाल कचेरीच्या प्रत्येक खिडकीशी एकेक गृहस्थ उभा आहे, पत्ता सांगताना एक अक्षर उच्चारतो, थांबतो, मग दुसरे उच्चारतो, आणि कारकून बिचारा सौजन्याने ऐकत राहतो, अशी कल्पना वाचकांनी करावी. मागील रांग तिष्ठतच राहणार! 'अपाची' हे संकेतस्थळे चालविणारे सुप्रसिद्ध सॉफ्टवेअर प्रत्येक अभ्यागतासाठी एक सेवक राखून ठेवीत असे, आणि त्याची मागणी पुरी होईपर्यंत त्यास मोकळे करीत नसे. त्यामुळे घरातील एका साध्या संगणकावरून काही शे अर्धवट मागण्या धाडून मोठे संकेतस्थळ ठप्प करता येई. २०१० मध्ये अपाचीत वेळेची मर्यादा घालणारी सोय आली. 'एन्जिनएक्स'मध्ये एकच सेवक अनेकांकडे लक्ष ठेवतो, म्हणून तो या युक्तीस सहजी फसत नाही.

२०२३ मधील प्रकार नेमका उलट. मागणी करावयाची आणि तत्क्षणी ती रद्द करावयाची. रद्द झालेली मागणी मोजदादीतून सुटते, पण सर्व्हरचे श्रम मात्र व्हायचे ते होतातच. एचटीटीपी २ या नियमावलीतील या फटीचा लाभ घेऊन गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख मागण्या लोटण्यात आल्या.

प्रत्येक खोळंबा हा हल्लाच असतो असे मात्र नव्हे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी ४ वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी लसीची नोंदणी खुली झाली आणि 'कोविन' अडखळले. ती गरजवंतांची गर्दी होती. हेतुपुरस्सर प्रवेश रोखणे हा मात्र २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ अन्वये गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आहे.

शिष्यवृत्तीच्या अखेरच्या दिवशी एका संकेतस्थळाची खिडकी उघडेना, तेव्हा रोजंदारी बुडवून आलेले पालक आमच्या खोलीत संध्याकाळपर्यंत बसून होते. हल्ला, गर्दी की जुनाट सॉफ्टवेअर, हे त्यांस कोणीही सांगितले नाही. आम्हांस संशय येतो तो तिसऱ्याचाच. कारण दुरुस्ती फुकट मिळत असूनही ती बसविण्याचा कंटाळा आपल्याकडे सार्वत्रिक आहे. अपाची २.२ ची अखेरची आवृत्ती २०१७ साली निघाली. त्यानंतर तिला दुरुस्त्या मिळत नाहीत.

आपल्या मंडळांचीही आता संकेतस्थळे झाली आहेत. वधूवरांच्या नोंदी आणि ग्रंथालयांच्या याद्या त्यांवर असतात. ती कोणत्या आवृत्तीवर चालतात व अखेरची दुरुस्ती केव्हा बसविली, एवढे दोन प्रश्न सभासदांनी पुढील वार्षिक सभेत चिटणिसांस अवश्य विचारावेत.