पुनवेची समजूत

शेतात लोंब्या वाकलेल्या, हवेत सरत्या पावसाचा ओलावा आणि आश्विनी पौर्णिमेला पेडण्याच्या दिशेने चाललेली माणसांची रीघ. कोजागरी म्हणजे आपल्याला पेडण्याची पुनव, हे वेगळे सांगावे लागत नाही. त्या रात्री रवळनाथाची आणि भूतनाथाची तरंगे निघतात. एका रात्रीत देऊळ बांधून हवे, असा हट्ट धरून भूतनाथ डोंगराकडे धाव घेतो, अशी लोकांची श्रद्धा. भक्त मागोमाग धावतात. त्याला कुणी दटावत नाही की कोंडत नाही. विनवण्या करीत, समजूत घालीत त्याला माघारी आणतात. देऊळ काही उभे राहत नाही, पण रात्र निभते.

ही समजूत पाहताना व्यसनातून बाहेर पडू पाहणारी आपलीच माणसे आठवतात. बाटली सुटली की सगळे मार्गी लागले, असे घर समजते. त्या माणसाची खरी रात्र मात्र तेव्हाच सुरू होते. दारूने जे वर्षानुवर्षे बधिर ठेवले, ते एकदम जागे होते: बापाशी राहून गेलेले बोलणे, बायकोच्या नजरेतला अविश्वास, खाण बंद पडल्यावर अंगणात उभा राहिलेला ट्रक. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये खाणी थांबल्या, तेव्हापासून रिकाम्या दुपारचे ओझे काय असते हे डिचोलीला ठाऊक आहे. पेडण्याच्या किनाऱ्यावर पर्यटनाच्या हंगामात थकवा आणि पावसाळ्यात रितेपण. संताप, लाज, दुःख, इतकेच काय, चतुर्थीच्या भरल्या घरातला आनंदसुद्धा अशा माणसाकडे आत्ताच्या आत्ता देऊळ मागू लागतो.

या भावनांशी झुंजण्यापेक्षा त्यांची समजूत काढावी, आणि ही विद्या शिकता येते. पिण्याची ओढ लाटेसारखी चढते, शिगेला पोचते आणि न पिताही ओसरते, असे मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलन मार्लट सांगत. मांद्रे-मोरजीच्या किनाऱ्यावर वाढलेल्याला लाटेची ही रीत नवी नाही. म्हणून आधी वेळ मागून घ्यावा: आत्ता नको, अर्ध्या तासाने बघू. तेवढ्यात स्वतःलाच विचारावे, भूक लागली आहे का, कुणाचा राग आला आहे का, एकटे वाटते आहे का, अंग थकले आहे का? भुकेला पेज, थकव्याला झोप, एकटेपणाला मित्राचा फोन आणि रागाला तिठ्यावरचा बार चुकवून मारलेली लांबची फेरी. श्वास सावकाश सोडावा. ‘मला लाज वाटते आहे’ एवढे उच्चारले तरी त्या लाजेचा फास सैल होतो. एखाद्या दिवशी तोल गेलाच, तर सकाळी पुन्हा उठून वाट धरावी. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून दारू एकाएकी तोडू नये. तेव्हा येणारे झटके निश्चयाने आवरत नाहीत.

या विद्येचा पडताळा आपल्या गोव्यातच आला आहे. ‘संगाथ’ संस्थेने 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत 377 पुरुषांबाबत केलेला अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण घेतलेली साधी माणसे होती. भेटीही फार तर चार. पिण्याची ओढ आणि अवघड भावना कशा हाताळाव्यात, हे त्या भेटींत शिकवले जाई. तीन महिन्यांनी पाहिले, तेव्हा आधीचे 14 दिवस दारूला न शिवलेल्यांचे प्रमाण समुपदेशन मिळालेल्यांत 42 टक्के होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 18.

म्हणजे मागे धावायला कुणी सिद्धपुरुष लागत नाही. पुनवेला धावतात तेही गावकरीच. तेव्हा यंदा कोजागरीचे दूध आटवताना आपणही आपला वाटा उचलू या. ‘आज सण, एक घोट चालतो’ हा आग्रह ओठांवरच थोपवावा, आणि रात्री अकराला वाजलेला फोन उचलावा. भूतनाथाची समजूत दर वर्षी नव्याने काढावी लागते. म्हणून ‘गेल्या पुनवेलाच सांगितले होते ना’ असे त्याला कुणी सुनावत नाही. घरच्या माणसाच्या वाट्याला एवढा धीर आपल्याकडून यायला काय हरकत आहे?