विश्लेषण : जपानी शिकायला जपानला जाण्याआधी जपानी का शिकावी?

ऑगस्ट २०२५ मध्ये टोकियोत झालेल्या भारत-जपान शिखर बैठकीत पाच वर्षांत दोन्ही देशांमध्ये पाच लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट ठरले. त्यात भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व्यक्तींचा समावेश आहे. अशा घोषणांपाठोपाठ ‘जपानला चला’च्या जाहिराती येतातच. त्यातला सर्वांत सोपा वाटणारा मार्ग म्हणजे तिथल्या भाषा शाळेत प्रवेश. शिकता-शिकता कमवा, भाषा तिथे राहून आपोआप येईल, असे सांगितले जाते. हा मार्ग कायदेशीर आहे आणि अनेकांसाठी उपयुक्तही. मात्र कोरी पाटी घेऊन जाणाऱ्यासाठी तो सर्वांत महागडा ठरतो.

भाषा शाळेचा मार्ग कसा असतो?

जपानमधील भाषा शाळांत एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी अशा चार वेळी प्रवेश मिळतो. अभ्यासक्रम जास्तीत जास्त दोन वर्षांचा असतो. प्रवेश निश्चित झाल्यावर शाळाच विद्यार्थ्याच्या वतीने जपानच्या इमिग्रेशन विभागाकडे पात्रता प्रमाणपत्रासाठी अर्ज करते. ते हाती आल्यावर भारतातील जपानी दूतावास किंवा वकिलातीकडून विद्यार्थी व्हिसा मिळतो. बारावीपर्यंतचे शिक्षण, खर्च उचलणाऱ्या पालकांच्या उत्पन्नाचे पुरावे आणि थोडेफार जपानी शिकल्याचा दाखला मागितला जातो. हा दाखला साधारणपणे ‘जेएलपीटी’ परीक्षेची एन-५ ही पहिली पायरी किंवा सुमारे १५० तासांच्या अभ्यासाचे प्रमाणपत्र असा असतो. अडचण इथेच सुरू होते. व्हिसासाठी लागणारी ही किमान अट म्हणजेच पुरेशी तयारी, असे अनेक जण धरून चालतात.

कमाईचे गणित काय सांगते?

विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येते. दोन ठिकाणी काम केले तरी एकूण तास २८च. मोठ्या सुट्टीत दिवसाला आठ तासांची मुभा असते. टोकियोतील किमान वेतन ऑक्टोबर २०२४ मध्ये ताशी १,१६३ येन झाले. त्या दराने चार आठवड्यांत पूर्ण २८ तास भरले, तर हातात सुमारे १ लाख ३० हजार येन येतात. दुसऱ्या बाजूला भाषा शाळेचे वर्षाचे शुल्क सात-आठ लाख येनच्या घरात असते, म्हणजे महिन्याला साधारण ६० ते ६५ हजार येन. अर्धी कमाई इथेच संपते. उरलेल्या पैशांत टोकियोतले घरभाडे, जेवण, फोन आणि सक्तीचा आरोग्य विमा भागवायचा असतो.

म्हणजे काटकसरीने जेमतेम निभावते. घरी हप्ता पाठवायला काही उरत नाही. कर्ज काढून गेलेला मुलगा मग २८ तासांची मर्यादा ओलांडण्याच्या मोहात पडतो. ते उघडकीस आले की व्हिसाची मुदत वाढत नाही. जास्त कामामुळे वर्गातली हजेरी घसरली, तरी परिणाम तोच.

भाषा ‘आपोआप’ का येत नाही?

पहिल्या महिन्यात मिळणारे काम भाषेवर ठरते आणि पुढची भाषा त्या कामावर. बोलता न येणाऱ्याला जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात, पार्सलच्या गोदामात किंवा हॉटेलच्या खोल्या साफ करायला काम मिळते. तिथे तोंड उघडायची फारशी गरज पडत नाही. रात्रपाळी करून आलेला विद्यार्थी सकाळी वर्गात पेंगतो. दोन वर्षे जपानमध्ये राहूनही त्याचा जपानी माणसाशी संवाद ‘धन्यवाद’ आणि ‘माफ करा’पुढे जात नाही. याउलट, मोडकेतोडके का होईना पण बोलू शकणाऱ्याला दुकानात किंवा उपाहारगृहात काम मिळू शकते. तिथे प्रत्येक ग्राहक हा त्याचा फुकटचा शिक्षक असतो.

वर्गातही तसेच. शिकवणे बहुतेक ठिकाणी थेट जपानीतूनच चालते, इंग्रजीचा आधार नसतो. या शाळांत चिनी विद्यार्थी सर्वाधिक असतात आणि कांजी म्हणजे चिनी चित्रलिपीची अक्षरे ते लहानपणापासून वाचत आलेले असतात. वर्गाचा वेग त्यांच्यासोबत पुढे जातो. पुण्या-नाशिकचा मुलगा पहिल्याच महिन्यात मागे पडतो, तो हुशार नसतो म्हणून नव्हे. शर्यतच वेगळ्या रेषेवरून सुरू झालेली असते.

मराठी विद्यार्थ्याला काय सोपे, काय अवघड?

वाक्यरचना ही मोठी जमेची बाजू आहे. जपानीतही क्रियापद शेवटी येते आणि विभक्ती प्रत्ययासारखे शब्द नामानंतर लागतात. ‘पुने कारा किमाशिता’ म्हणजे ‘पुण्याहून आलो’. शब्दांचा क्रम तोच, ‘मी’ गाळण्याची सवयही तीच. प्रश्न विचारताना वाक्याच्या शेवटी ‘का’ लागतो, तोही योगायोगाने मराठीसारखाच. जपानी अक्षरांचा आ-ई-ऊ-ए-ओ, का-सा-ता-ना हा क्रम तर बौद्ध भिक्षूंनी केलेल्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून आलेला आहे. इंग्रजीतून विचार करून जपानी शिकणाऱ्याने हा फायदा स्वतःच घालवलेला असतो.

खरी भिंत लिपीची आहे. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांची प्रत्येकी ४६ मूळ अक्षरे काही आठवड्यांत पाठ होतात. रोजच्या वापरासाठी अधिकृत ठरवलेल्या कांजींची संख्या मात्र २,१३६ आहे. त्यासाठी रोजचा सराव लागतो, आणि तो घरच्या जेवणावर, कोणत्याही पाळीविना करणे केव्हाही स्वस्त. आदरार्थी भाषाही निराळीच. आपण ‘ये’चे ‘या’ करतो. जपानीत अनेकदा क्रियापदच बदलते. दुकानातल्या कामात नेमकी हीच भाषा लागते.

तयारी किती आणि कधीपासून?

एप्रिलच्या प्रवेशासाठी शाळांचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये घेतले जातात. ‘जेएलपीटी’ जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. पुणे आणि मुंबई ही दोन्ही शहरे तिची केंद्रे आहेत. त्यामुळे दीड वर्षाचे वेळापत्रक हिशेबात बसते. ऑक्टोबरमध्ये सुरुवात, पुढच्या जुलैत एन-५, त्याच्या निकालावर शाळेचा अर्ज, डिसेंबरमध्ये एन-४ आणि एप्रिलमध्ये विमान. ‘मिन्ना नो निहोंगो’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकाचे सुरुवातीचे ५० धडे या काळात पूर्ण होऊ शकतात. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानीचे अभ्यासक्रम आहेत.

मात्र या परीक्षेत बोलण्याची चाचणीच नसते. वाचन आणि ऐकणे, तेही पर्याय निवडून. त्यामुळे एन-४ उत्तीर्ण झालेल्यालाही फोनवर दोन वाक्ये बोलता येतीलच असे नाही. निघण्यापूर्वी पाच प्रसंग तोंडपाठ हवेत : कामासाठी मुलाखत, घर घेणे, डॉक्टरला दुखणे सांगणे, वाट चुकल्यावर विचारणे आणि राहायला गेल्यापासून १४ दिवसांत पालिका कार्यालयात करावी लागणारी पत्त्याची नोंद. शाकाहारी असल्यास सहावा : पदार्थात मांस नसले तरी ‘दाशी’, म्हणजे बहुधा माशाचा अर्क, आहे का हे विचारणे.

एजंटला काय विचारावे?

शाळेचे शुल्क आणि एजंटचे शुल्क वेगवेगळे लिहून मागावे. व्हिसा नाकारल्यास किती पैसे परत मिळणार, तेही लेखी घ्यावे. जपानने एप्रिल २०२४ पासून भाषा शाळांना सरकारी मान्यता देणारा नवा कायदा लागू केला आहे. निवडलेल्या शाळेला ती मान्यता मिळाली आहे का, हा प्रश्न आता विचारता येतो. शाळेतून बाहेर पडणारे विद्यार्थी पुढे कुठे गेले, हा त्याहून महत्त्वाचा. ‘काम करून फी निघेल’ म्हणणाऱ्यासमोर वरचे गणित मांडावे.

मग जावे की नाही?

जरूर जावे. भाषा तिच्या देशात जशी मुरते तशी वर्गात मुरत नाही. पण जपान सरकार स्वतः शिष्यवृत्ती देऊन पदवीसाठी बोलावलेल्या परदेशी विद्यार्थ्यांनाही आधी साधारण वर्षभर भाषेची तयारी करायला लावते, आणि त्यांच्यावर ना फीचा बोजा असतो ना रात्रपाळीचा. ज्याच्या घरावर कर्ज आहे, त्याने हे वर्ष वाचवण्याची घाई का करावी? एन-४ हाती येईपर्यंत पैसे भरायचे नाहीत, असे घरात ठरले तर दोन गोष्टी होतील. काहींच्या लक्षात येईल की ही भाषा आपल्याला झेपत नाही. ते काही हजारांत कळलेले बरे, काही लाखांत नव्हे. उरलेले पहिल्या दिवसापासून दुकानाच्या काउंटरवर उभे राहू शकतील.