तारखेची पोच

गळीत हंगाम संपून साखर कारखान्यांचे बॉयलर विझले, की धारूर, वडवणी, शिरूर कासार या तालुक्यांतील सहस्रावधी ऊसतोड मजूर कोयता आढ्याला खोचून घरी बसतात, आणि पावसाळ्यापर्यंतची त्यांची बेकारी सरकारी दप्तरात बहुधा उमटतच नाही. वस्तुतः वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जन्मलेल्या, 1972 च्या दुष्काळात विस्तारलेल्या आणि 1977 मध्ये कायद्याचे रूप पावलेल्या रोजगार हमीने याच महाराष्ट्रात हे तत्त्व प्रस्थापित केले, की मागेल त्याला काम मिळावे आणि ते न मिळाल्यास भत्ता. 2005 च्या केंद्रीय कायद्याने तर 15 दिवसांत काम न दिल्यास पहिले 30 दिवस मजुरीच्या किमान एक चतुर्थांश व पुढे किमान निम्मा भत्ता ठरवून दिला. परंतु हा सर्व हक्क ज्या आधारावर उभा राहतो, तो आधार म्हणजे अर्जाच्या बदल्यात ग्रामपंचायतीने द्यावयाची, तारीख घातलेली एवढीशी पोच. तोंडी मागणीला तारीख नसते, आणि तारखेवाचून ते 15 दिवस मोजावयाचे कोठून? बेकारी भत्ता हा अनुग्रह नव्हे, अधिकार आहे. म्हणून ग्रामसेवकांनी पोच नाकारू नये, आणि मजूर बंधुभगिनींनी ती हाती पडल्यावाचून कचेरीची पायरी उतरू नये.