आईबाबांच्या लॅपटॉपची मुदत कोण ठरवतं?

विंडोज, मॅक की लिनक्स, हा वाद आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दर वर्षी होतो. आरती झाली, मसालेभाताची रांग लागली की कुणीतरी नवा लॅपटॉप घेणार असल्याचं जाहीर करतं आणि सगळे सल्ला द्यायला सरसावतात. मॅकवाले बॅटरीबद्दल बोलतात. विंडोजवाले म्हणतात, सगळं जग जे वापरतं ते घ्यावं, उगाच शहाणपणा करू नये. मी लिनक्सचं नाव काढलं की लोकांना अचानक जिलबी आणायची आठवण होते.

जिलबी चांगली असते, त्यामुळे त्याबद्दल राग नाही. पण हा वाद आपण साडीच्या दुकानात बसल्यासारखा घालतो. रंग कसा, पोत कसा, किंमत काय, शेजारणीने काय घेतलं. व्यवस्थित चालणारं यंत्र 'आता संपलं' असं जाहीर करायचा हक्क कुणाकडे असणार, हे मात्र कुणी विचारत नाही. तो हक्क दुसऱ्या कुणाकडे असेल, तर तुम्ही विकत घेतलेली वस्तू भाड्याचीच आहे. भाडं तेवढं एकरकमी भरलंय.

विंडोज १० जुलै २०१५ मध्ये आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. दहा वर्षं म्हणजे काही वाईट नाही, हे मान्य. खटकते ती पुढची पायरी. विंडोज ११ साठी टीपीएम २.० लागतं, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा नंतरचा, म्हणजे साधारण २०१७ च्या उत्तरार्धानंतरचा. त्याआधीच्या बहुतेक लॅपटॉपांना हे दार बंद. ज्या मोजक्या जुन्या चिपांना सूट मिळाली, त्यांतली एक मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये बसवलेली होती. योगायोग असेल!

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे असं मी म्हणत नाही. टीपीएममुळे डिस्कच्या कुलपाची किल्ली जास्त सुरक्षित राहते. पण जुना लॅपटॉप असलेला माणूस दुसऱ्या दिवशी दुकानात धावत जात नाही. तो तोच लॅपटॉप दुरुस्त्यांशिवाय वापरत राहतो, त्यावरूनच बँकेचे व्यवहार करतो. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या नियमामुळे लाखो माणसं आधीपेक्षा असुरक्षित झाली.

आता गंमत पाहा. मी जर्मनीत राहते, आईबाबा सांगलीत. विंडोज १० वाल्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, म्हणजे आणखी एक वर्ष, दुरुस्त्या देऊ केल्या. त्यासाठी ३० डॉलर भरा, नाहीतर आपल्या सेटिंग्ज त्यांच्या क्लाउडवर चढवा, नाहीतर त्यांचे रिवॉर्ड पॉइंट खर्च करा. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवला, तेव्हा युरोपीय आर्थिक क्षेत्रापुरतं हे वर्ष मोफत झालं. कंपनीच्या खात्यात लॉगिन केलं की पुरे. सांगलीला ती सवलत नाही. दुरुस्ती तीच, ती पाठवायचा खर्चही तोच, पण लॅपटॉपचं आयुष्य त्याचा मालक कुठल्या देशात राहतो त्यावर ठरलं. आपण इथे बसून ती सवलत खुशाल घेतो आणि तिकडच्यांसाठी भारतात निघालेल्या ओळखीच्या माणसाच्या बॅगेत नवा लॅपटॉप कोंबतो. प्रेम म्हणून ठीक आहे, पण त्यात कंपनीचं काम आपणच करून देतो.

मॅकवाल्यांनी हसू नये. २०२० च्या मार्चमध्ये इंटेल चिपचं मॅकबुक एअर दुकानात आलं. त्याच नोव्हेंबरमध्ये ॲपलने स्वतःची एम१ चिप आणली, आणि २०२५ ची मॅकओएसची आवृत्ती त्या एअरवर चढतच नाही. इंटेलच्या ज्या थोड्या मॅकवर ती चढते, त्यांच्यासाठीही ती शेवटचीच, असं ॲपलने सांगून टाकलंय. यंत्रं सुंदर आहेत, माझ्या संस्थेने दिलेलं एक माझ्याही टेबलावर आहे. माझ्या पैशाने मात्र मी ते घेणार नाही.

लिनक्सलाही मुदती असतात. लिनक्स मिंट २२ ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील. फार जुन्या ३२ बिटच्या यंत्रांना आता बहुतेक वितरणांनी सोडलंय. फरक असा की २०२९ नंतरची मिंट त्याच लॅपटॉपवर फुकट टाकता येईल, तिथे प्रोसेसरची जन्मतारीख विचारणारं कुणी उभं नसेल. आणि उद्या मिंटवाल्यांनी दुकान गुंडाळलं, तर डेबियन आहे, फेडोरा आहे. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं हे काम आज कुणा एकाला बंद करता येत नाही. आईबाबांच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही तेच आहे, पण हे त्यांना सांगायची गरज नाही.

'पण आईबाबांना ते जमणार नाही.' हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कोण म्हणतंय याकडे लक्ष जातं. म्हणणारे बहुतेक सगळे इंजिनियर असतात आणि त्यांनी आईबाबांना विचारलेलं नसतं. आपल्या आधीच्या पिढीला संगणक म्हणजे विंडोज वाटतं, याचं कारण त्यांची बुद्धी नाही. २००१ पासून महाराष्ट्रात लाखो माणसांनी एमएस-सीआयटी केली. सरकारी नोकरीत तर ते प्रमाणपत्र लागायचंच. त्यातलं एमएस म्हणजे 'महाराष्ट्र स्टेट', पण वर्गात समोर जे दिसायचं त्यावरून अनेकांना ते 'मायक्रोसॉफ्ट' वाटायचं, आणि तसं वाटणं फारसं चुकीचंही नव्हतं. त्याच देशात केरळच्या सरकारी शाळांमध्ये मुलं गेली कित्येक वर्षं लिनक्सवर शिकताहेत. तिथल्या मुलांची डोकी वेगळ्या मातीची नाहीत.

बाबांचा लॅपटॉप २०१६ चा, सहाव्या पिढीच्या इंटेलचा. गेल्या डिसेंबरात मी त्यात एसएसडी बसवून घेतली आणि मिंट टाकलं. बाबांचं काम म्हणजे बँक, मेल, सोसायटीचे हिशेब आणि मराठी लेखन. आईचं यूट्यूब आणि व्हॉट्सॅप वेब. आईने दुसऱ्या दिवशी एवढंच विचारलं, की हे इतक्या लवकर चालू कसं होतं. बाबांनी आठवडाभर कुरकुर केली. लिब्रे ऑफिसमध्ये सोसायटीच्या नोटिशीतले तक्ते सरकले, आणि ते पुन्हा नीट लावताना त्यांचे खूप शब्द ऐकावे लागले. प्रिंटरने एक दुपार खाल्ली. मराठी टायपिंगला मात्र काही त्रास झाला नाही: इनस्क्रिप्ट कळफलक मिळाला, आणि 'दुसऱ्या'तला ऱ्या नीट उमटला. लोहित या मुक्त फॉंटचं बरंचसं काम रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयात झालेलं आहे, हे कळल्यावर बाबांचा विरोध थोडा मवाळ झाला.

खरी अडचण दुसरीकडेच निघाली. बाबांनी पंधरा वर्षं आमच्या गावाबद्दल लिहिलं. नदी, पूर, तालमी, गेलेली माणसं. त्यातलं निम्मं २०१० च्या आधीचं, एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेलं, युनिकोड नसलेल्या फॉंटमध्ये. तो फॉंट नसेल तर फाइलमध्ये दिसतात इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. माझ्या मुलीच्या संगणकावर आजोबांचं गाव असं दिसतं. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, तरी आपण पुढची कित्येक वर्षं मराठी अशा फॉंटांत कोंडून ठेवली, कारण डीटीपीच्या दुकानात तेच होतं आणि 'सगळे तेच वापरतात'. मंडळात लॅपटॉपबद्दल हेच वाक्य ऐकलं की मला बाबांच्या त्या फाइली आठवतात. मी त्या एकेक करून युनिकोडमध्ये आणतेय. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला जोडाक्षरं धड कळत नाहीत, म्हणून प्रत्येक पान बाबांना व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवावं लागतं. पंचेचाळीस पानं झाली.

कामाच्या ठिकाणचं चित्र याहून वेगळं नाही, फक्त पैसे जनतेचे असतात. आमच्या प्रयोगशाळेत एक सूक्ष्मदर्शक आहे, काही लाख युरोंचा. भिंग उत्तम, यंत्र ठणठणीत, पण त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोज ७ वर चालतं, आणि विंडोज ७ चा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. म्हणून तो संगणक नेटवर्कवरून तोडलाय आणि पोस्टडॉक मंडळी खिशात डिस्क घेऊन जिना चढउतार करतात. फाइलही अशा प्रकारची, की ती उघडायला त्याच उत्पादकाचा प्रोग्रॅम लागावा. सुदैवाने संशोधकांनीच लिहिलेलं बायो-फॉरमॅट्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर असे दीडशेहून अधिक प्रकार वाचतं. ते नसतं तर करदात्याच्या पैशाने मिळवलेली मोजमापं करदात्याच्याच विद्यापीठाला उघडता आली नसती. पुढची सगळी आकडेमोड लिनक्सवर होते. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतला एकूण एक संगणक लिनक्सवर चालतो. म्हणजे लिनक्स 'गंभीर कामासाठी नाही' हे तरी कृपा करून म्हणू नका.

लगेच कुणीतरी म्युनिकचं नाव घेतं. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सवर जायचं ठरवलं, जवळपास १५ हजार संगणक नेले, आणि २०१७ मध्ये परत विंडोजचा निर्णय घेतला. बघा, फसलं! पण मधल्या काळात शहराची सत्ता बदलली होती आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं जर्मनीचं मुख्यालय म्युनिकमध्ये हलवलं होतं. निर्णय कशामुळे फिरला हे ज्याने त्याने ठरवावं. फक्त तांत्रिक कारणांमुळे तो फिरला, हे मला पटत नाही. तिकडे उत्तरेत श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये आपले सुमारे ३० हजार संगणक लिब्रे ऑफिस आणि लिनक्सकडे न्यायचं जाहीर केलं, आणि पुढच्याच वर्षी सरकारी मेल आउटलुकवरून काढून मुक्त सॉफ्टवेअरवर नेली. पैसे वाचतील, हे त्यांचं एक कारण. दुसरं, आपल्या कारभाराची किल्ली परक्या कंपनीकडे नको.

ती भीती हवेतली नाही. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. ही गुजरातेत वाडीनारला रिफायनरी चालवणारी भारतीय कंपनी, तिच्यात रशियन भागीदारी आहे. मायक्रोसॉफ्टने तिच्या मेल वगैरे सेवा थांबवल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि काही दिवसांत सेवा परत सुरू झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य हा वेगळा विषय, आणि ही ऑपरेटिंग सिस्टमची गोष्ट नाही, हेही खरं. पण विंडोज ११ होम आता इंटरनेट आणि कंपनीचं खातं असल्याशिवाय बसवताच येऊ नये अशा दिशेने निघालंय. यंत्र आणि खातं यांची अशी गाठ बांधल्यावर हा भेद किती दिवस टिकेल?

ऑफिस जे देईल ते वापरा, त्यावरून नोकरी सोडायला मी सांगत नाही. टॅलीवर पोट असेल, श्रीलिपीत छपाईची कामं करत असाल, तर विंडोज ठेवा. घर मात्र तुमचं आहे, आणि आईबाबांच्या घरचा तांत्रिक विभाग तुम्हीच आहात. रात्री अकराला 'हे काय आलंय स्क्रीनवर' असा फोन विंडोज असलं तरी तुम्हालाच येतो.

तर या वेळी भारतात जाताना नवा लॅपटॉप नेण्याआधी १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाकून घ्या. त्यावरून ते नुसतं चालवून बघता येतं, आत काही बदल करावा लागत नाही. दोन दिवस त्यांना वापरू द्या आणि मगच विचारा. वायफाय लागतंय का, कॅमेरा चालतोय का, आईचं यूट्यूब नीट दिसतंय का, सगळं तेव्हाच कळेल. कायमचं टाकायचं ठरलं तर आधी बॅकअप घ्या, लग्नाच्या फोटोंचा तर दोनदा. आणि प्रिंटरचं मॉडेल निघायच्या आधीच व्हॉट्सॅपवर मागवून ठेवा.