धाकट्यांचं पुस्तक निवडताना आधी हसू येतंय का बघा!

वैशाखरेहून एसटीने मुरबाडला कॉलेजला येता ना? मग घरातल्या धाकट्या भावंडासाठी पुस्तक आणणार तुम्हीच. आणि आपण आणतो काय? सामान्यज्ञान, नाहीतर शेवटी तात्पर्य छापलेल्या संस्कारकथा! मोबाइल सोडून पोरगं ते कशाला वाचेल?

त्यापेक्षा भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' द्या. फुरसुंगीचा हा बन्या सायकल दामटत भलत्याच भानगडीत घुसतो. अमेय वाघचा २०१७ चा सिनेमा तुम्ही पाहिला असेल, पण पुस्तकातला बन्या शाळकरी आहे, म्हणून पोरांना तो जास्त जवळचा. अक्षरं जुळवत वाचणाऱ्याला मात्र तो जड जाईल. त्याच्यासाठी माधुरी पुरंदरेंचं 'राधाचं घर' बरं, चित्रंच अर्धी गोष्ट सांगतात.

खिशात पैसे नाहीत? बालभारतीचं 'किशोर' १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत. रेंज असेल तिथे डाउनलोड करून ठेवा. रात्री एखादी गोष्ट मोठ्याने वाचा आणि ऐन रंगात आली की थांबा. पुढचं पान ते स्वतः उघडेल. फक्त "यातून काय शिकलास?" असं विचारू नका, प्लीज.