मोटारसायकल कोणाच्या मापाची?

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याहून मोठ्या इंजिनांच्या दुचाकींवरील कर ४० टक्क्यांवर गेला. कराची ही रेषा इंजिनाच्या घनफळावरून आखली गेली आहे. त्यात वावगे काही नाही. सरकारला वाहन दिसते, त्यावर बसणारा माणूस दिसत नाही. नवल वाटते ते याचे की, पदरचे पैसे मोजून आयुष्यातील पहिली मोटारसायकल घेणारा ग्राहकही इंजिनाकडे पाहतो, रंगाकडे पाहतो, फार तर ‘अ‍ॅव्हरेज’ विचारतो. स्वतःच्या पायांकडे मात्र पाहत नाही. ज्याची उंची बेताची आहे, त्याला तर पाहण्याची संधीही मिळत नाही. “तुमचे पाय टेकायचे नाहीत, तुम्ही आपली स्कूटर पाहा,” असे सांगून विक्रेता त्याचा प्रश्न परस्पर निकालात काढतो.

हा प्रश्न मूठभरांचा आहे अशी समजूत असेल तर ती प्रथम दूर केली पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे पाच फूट, आणि पुरुषाची सुमारे १६५ सेंटिमीटर भरते. पायांची आतील लांबी उंचीच्या साधारण ४५ टक्के धरली, तर स्त्रीच्या बाबतीत ती ६८-६९ सेंटिमीटर आणि पुरुषाच्या बाबतीत ७४-७५ सेंटिमीटर होते. आपल्या रस्त्यांवरील साध्या मोटारसायकलींचे सीट जमिनीपासून ७८ ते ८१ सेंटिमीटरवर असते. उत्पादक सरासरी ग्राहकासाठी वस्तू बनवितो, असे आम्ही अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवितो. येथे सरासरी नेमकी कोणाची धरली, हा प्रश्न एखाद्या विद्यार्थिनीने विचारला तर प्राध्यापकाची पंचाईतच व्हावी.

कायद्याने तरी स्त्रीचा विचार केला आहे काय? केला आहे; पण तो मागे बसणाऱ्या स्त्रीचा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२३ वा नियम सांगतो की, मागे बसणाऱ्यासाठी धरावयास मूठ हवी, पाय ठेवावयास जागा हवी आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा. आपण ज्याला ‘साडी गार्ड’ म्हणतो ते हेच. नियम शहाणपणाचा आहे, त्याने अनेकींचे प्राण वाचले असतील. परंतु साडीची काळजी वाहणाऱ्या या व्यवस्थेला तीच स्त्री कधी पुढच्या आसनावर बसेल, अशी कल्पना सुचलेली दिसत नाही.

मग स्कूटरने काय बिघडते? शहरात काहीच बिघडत नाही. परंतु वाडी-वस्तीवरच्या शाळेत नेमणूक झालेली शिक्षिका, चार गावांचा कारभार पाहणारा ग्रामसेवक किंवा तालुक्याच्या महाविद्यालयात रोज वीस किलोमीटरवरून येणारा विद्यार्थी यांचा रस्ता शहरातला नसतो. स्कूटरचे चाक दहा-बारा इंची, मोटारसायकलचे सतरा-अठरा इंची. खडी उखडलेल्या रस्त्यावर लहान चाक ज्या खड्ड्यात आपटते, त्यावरून मोठे चाक तरून जाते. अशा माणसाला ‘तुमची उंची कमी, तुम्ही स्कूटर घ्या’ असे सांगणे म्हणजे त्याच्या रोजच्या वाटेचा विचार न करता त्याला सल्ला देणे होय.

जपानमध्ये होंडा कंपनीने १९५८ साली ‘सुपर कब’ बाजारात आणली. मोठी चाके, पण मधला सांगाडा खाली घेतलेला आणि डाव्या हाताच्या क्लचची कटकट नाही, अशी तिची रचना. २०१७ पर्यंत तिच्या दहा कोटींहून अधिक गाड्या तयार झाल्या. बेताच्या उंचीच्या माणसाला समोर ठेवून केलेले वाहन खपत नाही, असा युक्तिवाद करणाऱ्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आपल्याकडे ‘एम-८०’ने खेडोपाडी दूधवाल्यांची आणि मास्तरांची तशीच सेवा केली, पुढे ती बंद पडली. तेव्हा आज आहे त्यातूनच निवड करणे प्राप्त आहे.

ही निवड करताना लोक एकाच आकड्याला चिकटून बसतात, तो म्हणजे सीटची उंची. माझ्या मते तो आकडा दुय्यम आहे. पहिला आकडा वजनाचा. उत्पादकांनी दिलेली मापे पाहा. ‘स्प्लेंडर प्लस’चे सीट ७८५ मिलिमीटरवर आणि वजन सुमारे ११२ किलो, ‘हंटर ३५०’चे सीट ७९० मिलिमीटरवर आणि वजन १८१ किलो. उंचीत फरक बोटाच्या अर्ध्या पेराचाही नाही, वजनात मात्र एका प्रौढ माणसाइतका. ‘मीटिऑर ३५०’ तर स्प्लेंडरहून दोन सेंटिमीटरने ठेंगणी, ७६५ मिलिमीटरची. पण वजन १९१ किलो. ठेंगणी म्हणून नवशिक्याने ती घेतली, तर दोन सेंटिमीटर वाचविण्यासाठी त्याने सुमारे ऐंशी किलोंचा बोजा अंगावर घेतला असे होईल. हा सौदा तोट्याचा आहे.

कारण गाडी धावत असताना पाय टेकण्याचा प्रश्नच नसतो. नवशिका पडतो तो बहुधा थांबताना, वळवताना, ढकलताना. गाडी सरळ उभी असेतो तिचे वजन चाकांवर असते. ती जसजशी कलते तसतसे ते माणसाच्या मांडीवर आणि मनगटावर येऊ लागते. ११२ किलोंची गाडी थोडी कलली तर पावलाच्या चवड्यावरही सावरता येते. १९० किलोंची गाडी तेवढीच कलली, की सावरण्याची वेळ टळून गेलेली असते. ‘अ‍ॅव्हेंजर’सारख्या गाडीचे सीट ७३७ मिलिमीटरवर, म्हणजे फारच खाली, हे खरे, पण तिथे पाय पुढे पसरावे लागतात आणि लहान हातांना हँडल पूर्ण वळवताना अंग पुढे ओढावे लागते. शिवाय रुंद सीट मांड्या फाकवते आणि खाली पोचावयाचा पाय तेवढाच आखूड होतो. उंचीचा आकडा हे काहीच सांगत नाही.

म्हणून माप घरीच घ्यावे. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहावे, एक जाड पुस्तक मांड्यांच्या मध्ये घट्ट वर धरावे आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजावे. त्यात बुटाच्या तळव्याचे दोन-तीन सेंटिमीटर मिळवावेत; आपल्या वजनाने शॉकअप दबतात, त्याचाही थोडा लाभ धरावा. एवढे करून दोन्ही पायांचे चवडे किंवा एक पाऊल पुरते टेकत असेल तर हलकी मोटारसायकल खुशाल घ्यावी. दोन्ही टाचा जमिनीवर टेकल्याच पाहिजेत, ही अट कोणी घातली कोण जाणे! थांबताना डावा पाय खाली आणि उजवा मागील ब्रेकवर, हीच रीत उंच माणसालाही शिकवतात. दुकानात गाडी स्टँडवर उभी असताना बसून पाहण्यात अर्थ नाही. ती स्टँडवरून उतरवून, रोजचे बूट घालून, रस्त्यावर नेऊन पाहावी.

रस्त्यावर कशासाठी, हेही सांगितले पाहिजे. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून आपला रस्ता मधोमध उंच आणि कडांना उतरता असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणजे जो डावा पाय टेकायचा, त्याच्याच बाजूची जमीन खाली गेलेली असते. दुकानाच्या गुळगुळीत फरशीवर पोचलेला पाय सिग्नलपाशी पोचत नाही, याचे कारण हे. थांबताना अगदी कडेला न जाता थोडे आत थांबले तर निम्मी अडचण दूर होते. तसेच उतारावर भिंतीकडे तोंड करून गाडी लावू नये. चवड्यांवर बसून ती मागे चढवता येत नाही आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याची मिनतवारी करावी लागते.

सीटचा फोम कुशनवाल्याकडून थोडा तासून घेण्यास हरकत नाही. पैसे थोडे लागतात आणि पस्तावा झाला तर पुन्हा भरता येतो. शॉकअप आखूड करण्याच्या भानगडीत मात्र पडू नये. गाडीचा तोल बदलतो, साइड स्टँड लांब पडून उभी गाडी पलीकडे कोसळू शकते आणि आपले गतिरोधक तर पोट घासल्याशिवाय सोडणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाच्या मापांशी विसंगत बदल करता येत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला आहे.

पहिली गाडी जुनी घ्यावी की नवी? नवशिक्याच्या हातून ती दोनदा-तीनदा आडवी होणार, हे गृहीत धरले तर जुनी घेणेच शहाणपणाचे. जुन्या गाड्यांच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले, आणि २००१ च्या नोबेलचे ते एक मानकरी ठरले. आपल्या गावचा मेस्त्री हे सारे नोबेलवाचून जाणतो; त्याला शंभर-दोनशे रुपये देऊन सोबत न्यावे. गाडी एप्रिल २०१९ नंतरची पाहावी. त्या महिन्यापासून १२५ सीसीहून मोठ्या दुचाकींना चाक जाम होऊ न देणारे एबीएस ब्रेक सक्तीचे झाले आणि त्याखालच्यांना निदान दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लागण्याची सोय आली. हलक्या गाडीत बहुधा ही दुसरीच सोय मिळते, ही तिची उणी बाजू. ती मान्य करूनही माझा कौल हलक्या गाडीलाच आहे.

राहता राहिला प्रश्न शिकण्याचा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलवाले बहुतेक चारचाकी शिकवतात. दुचाकी शिकवतो तो थोरला भाऊ किंवा मामा, आणि तोही आपल्या उंचीच्या हिशेबाने. बिनगियरच्या गाडीचा परवाना काढून मोकळे होण्याची प्रथा मुलींत पडली आहे तिचे एक कारण हेच असावे. त्या परवान्यावर मोटारसायकल चालविता येत नाही, हे अनेकींना नेमणुकीचे गाव कळल्यावर उमगते. महाविद्यालयांची मैदाने रविवारी सकाळी रिकामी असतात. एक हलकी जुनी मोटारसायकल, चार शिरस्त्राणे आणि स्वतः बेताच्या उंचीचा एखादा शिक्षक एवढ्या सामग्रीवर तिथे वर्ग भरू शकतो. विद्यार्थी कल्याण निधीतून याहून कमी उपयोगाची कामे होताना प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत.