करून पाहा : भार कोणत्या गाठीवर?

बालमित्रांनो, जुन्या लग्नपत्रिकेच्या दोन सारख्या पट्ट्या कापा. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना भोक पाडा. आता दोन लांब दोरे वरच्या पट्टीतून ओवा आणि पट्टीच्या खाली गाठी मारा. तेच दोरे पुढे खालच्या पट्टीतून ओवून पुन्हा गाठी मारा. दोऱ्यांची वरची टोकं हातात धरून उचला. झाला दुमजली झोपाळा! वरच्या गाठींवर फक्त वरची पट्टी, खालच्या गाठींवर फक्त खालची.

आता एक छोटासा बदल करू या. लांब दोरे वरच्या पट्टीखालीच संपवा आणि खालची पट्टी दुसऱ्या दोऱ्यांनी वरच्या पट्टीला टांगा. झोपाळा दिसतो तसाच. मग सांगा पाहू, वरच्या गाठींवर आता किती भार आला? अगदी बरोबर, दुप्पट!

हा नुसता खेळ नाही बरं का. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी शहरात १९८० साली हयात रीजन्सी हे हॉटेल सुरू झालं. त्याच्या उंच दालनात ये-जा करायला पोलादी सळयांनी टांगलेले पूल होते. चौथ्या मजल्याच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा पूल होता. मूळ आराखड्यात छतापासून खालपर्यंत अखंड सळया होत्या. पण मधला नट बसवायचा, तर सळईवर खूप लांबवर आटे पाडावे लागणार आणि उभारणीत ते जपावेही लागणार. म्हणून एकेका सळईच्या दोन केल्या. काम सोपं झालं; पण आता खालचा पूल वरच्या पुलाच्या तुळयांना लटकला. नव्या जोडाचा हिशेब मात्र कुणी केलाच नाही.

१७ जुलै १९८१. संध्याकाळी दालनात नाचाचा कार्यक्रम होता. पुलांवर माणसं, खालीही माणसं. वरच्या पुलाच्या पोकळ तुळया भोकांपाशी फाकल्या, नट त्यांतून आरपार निसटले आणि दोन्ही पूल कोसळले. ११४ जणांचा जीव गेला. सळया मात्र तुटल्या नव्हत्या! पोलाद कमी पडलं नाही, जोड कमी पडला. चौकशीत असंही आढळलं, की मूळ आराखड्यातला जोडसुद्धा नियमानं हव्या त्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता. बदलानंतर त्याच्यावर दुप्पट भार आला.

तेव्हा मित्रांनो, 'एवढ्याशा बदलानं काय होतंय?' असं कुणी म्हटलं, की आधी विचारा, 'आता भार कुणावर आला?' आणि आई-बाबांनो, मुलांनी असा प्रश्न विचारला तर 'गप्प बस' म्हणू नका. त्या इमारतीत हाच प्रश्न वेळेवर विचारायला हवा होता.

या आठवड्याचा अभ्यास : एसटी स्टँडची शेड किंवा रेल्वेचा पादचारी पूल खालूनच नीट न्याहाळा. वर चढायचं नाही हं! छताचा भार कोणकोणत्या जोडांतून जमिनीपर्यंत पोचतो, त्याचं चित्र वहीत काढा.